उशीर आभाळातून पडत नाही

पेण, नागोठणे, रोहा, माणगाव, वीर, करंजाडी. रायगड जिल्ह्यातल्या या स्थानकांवर ताटकळणाऱ्या माणसाला कित्येक वर्षे एकच उत्तर मिळत आले आहे. मार्ग एकेरी आहे, वाटेत डोंगर आहेत, पाऊस आहे, त्यात तिकीट स्वस्त, तेव्हा थोडा उशीर व्हायचाच. हे उत्तर चौकशीच्या खिडकीतून येते, पुढाऱ्याच्या भाषणातून येते आणि शेजारच्या बाकावरचा प्रवासीही तेच ऐकवतो. शेवटी एक पुस्ती जोडलेली असते: कोकणी माणूस सोशिक आहे, तो समजून घेतो.

हे उत्तर साफ खोटे असते तर केव्हाच गळून पडले असते. ते अर्धे खरे आहे, म्हणून टिकले आहे. त्यातले खरे काय आणि खऱ्याच्या आडोशाला काय दडले आहे, हे वेगळे करून पाहायला हवे. एकेरी मार्गावर कोणीतरी थांबणार, हे भूगोल ठरवतो. कोणी थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि थांबलेल्याला काय सांगायचे, हे मात्र माणसे ठरवतात. रायगडच्या प्रवाशाच्या वाट्याला येणारा उशीर मोठ्या प्रमाणात या दुसऱ्या जातीचा आहे, आणि जे माणसांनी ठरवले ते माणसांना बदलता येते.

आधी पावसाचा मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत भक्कम वाटतो. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, आणि ते योग्यच आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, आपल्याच जिल्ह्यात करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला आणि डबे पुलावरून खाली कोसळले. त्यानंतर कड्यांना जाळ्या बसल्या, कापलेल्या डोंगरांचे उतार कमी केले गेले, गस्त वाढली आणि वेगावर बंधने आली. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही, असा आदेश चालकांना असतो. या खबरदारीविरुद्ध एक शब्दही मी बोलणार नाही, आणि कोणी बोलू नये.

पण या हळू चालण्याची तरतूद वेळापत्रकात आधीच केलेली असते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. कित्येक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे लागू होत असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर इतके आखूड केले गेले. त्या काळात प्रवासाचे तास मुद्दाम वाढवून दिलेले असतात. म्हणजे पावसाचा हिशोब तिकीट काढण्याआधीच मांडून झालेला असतो. त्या वाढीव वेळेच्याही पुढे गाडी दोन तास लोंबकळली आणि त्या दिवशी दरड कोसळली नाही, रुळांवर पाणी आले नाही, तर कारण म्हणून पाऊस पुढे करता येत नाही. आणि फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये, लग्नसराईत गाडी उशिरा येते तेव्हा काय सांगणार? तेव्हाही उत्तर तेच येते, फक्त त्यातला पाऊस गाळलेला असतो.

मग उरतो एकेरी मार्ग. इथे थोडे थांबून रीत समजून घेऊ, कारण सगळा मामला तिथेच आहे. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोरून येत असतील तर एकीला वाटेतल्या स्थानकात बाजूच्या रुळावर घ्यावे लागते. प्रवासी याला ‘क्रॉसिंगला टाकली’ म्हणतात. मागून वेगवान गाडी येत असेल तर पुढच्या हळू गाडीला असेच बाजूला ठेवून तिला वाट करून द्यावी लागते. कोणती गाडी बाजूला घ्यायची हे नियंत्रण कक्षात ठरते आणि त्याला क्रम असतो. राजधानी, वंदे भारत, तेजस यांचा मान वरचा, नेहमीच्या एक्सप्रेस मधल्या, आणि गावोगावी थांबत जाणारी गाडी सर्वांत शेवटची. त्यातच एखाद्या गाडीची ठरलेली वेळ एकदा हुकली की इतर गाड्यांच्या मधली फट तिला शोधावी लागते. वेळेवर असलेल्या गाडीला रोखून उशिराच्या गाडीला पुढे काढणे कोणत्याही नियंत्रकाला परवडत नाही. वाटेत अर्धा तास मागे पडलेली गाडी पुढे दीड तास मागे पडते, ती अशी.

गावोगावी थांबणारी गाडी कोणाची? सापे-वामणे, विन्हेरे, गोरेगाव रोड, इंदापूर इथल्या माणसाची. त्याच्या स्थानकावर वंदे भारत थांबत नाही, राजधानी थांबत नाही. त्याच्या डोळ्यांसमोरून त्या जातात आणि त्यांना जाऊ देण्यासाठी त्याची गाडी उभी राहते. उशीर सर्वांना सारखा वाटून येत असता तर त्याला नशीब म्हणता आले असते. तो ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या माणसांच्या वाट्याला येतो, म्हणून त्याला धोरण म्हणायला हवे.

आता हा मार्ग एकेरी का राहिला तेही पाहू. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० सालची. मधू दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, हे सगळे सात-आठ वर्षांत उभे राहिले आणि जानेवारी १९९८ मध्ये मार्ग पूर्ण खुला झाला. पैसा कमी होता, कर्जरोखे काढून उभा केला होता, म्हणून तेव्हा एकच रूळ टाकला. तो निर्णय समजण्यासारखा होता. पण नंतर काय झाले? दुपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०१५ रोजी आपल्याच कोलाडला झाले आणि रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा दुसरा रूळ ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाला. ज्या महामंडळाने ७४० किलोमीटर सात-आठ वर्षांत बांधले, त्याला सपाटीवरचे ४७ किलोमीटर दुहेरी करायला जवळजवळ सहा वर्षे लागली. वीरच्या पुढे मार्ग आजही एकेरीच आहे. डोंगर तेच होते, पाऊस तोच होता. बदलली ती निकड.

त्या काळात दहा नवी क्रॉसिंग स्थानके झाली, सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि जून २०२२ मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. ही कामे मोलाची आहेत. मात्र क्रॉसिंगची जागा वाढली की तिच्याबरोबर नव्या गाड्याही येतात. वीरच्या पुढे रूळ एकच राहिला आणि त्याच्यावर चढणाऱ्या गाड्या वाढल्या, तर मोकळी झालेली फट लगेच भरते. क्षमता वाढवल्याचा फायदा आधी नव्या गाडीला मिळतो, जुन्या गाडीच्या वक्तशीरपणाला मिळत नाही. हा हिशोब रेल्वेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक आहे. लोकांपुढे तो मांडला जात नाही, इतकेच.

रायगडचा आणखी एक घोळ आहे, तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाही. आपला जिल्हा रोह्याला दोन कारभारांत तुटतो. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, रोह्यापुढे कोकण रेल्वे. दिव्याहून निघालेली लाईन १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आली आणि पुढचे काम महामंडळाने केले, म्हणून ही शीव पडली. खाली जाणारी गाडी उशिरा असेल तर ती वरूनच उशिरा आली असे म्हणता येते, आणि मुंबईकडे येणारी गाडी दिव्याबाहेर लोकलच्या गर्दीत अडकली तर ती कोकणातूनच मागे पडून आली असे म्हणता येते. दोन्ही बाजूंना दाखवायला बोट आहे आणि मध्ये उभा आहे तो पेण-माणगावचा प्रवासी. कोकण रेल्वेचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिली. त्यातून पुढच्या दुपदरीकरणाला केंद्राच्या अर्थसंकल्पातून पैसा मिळेल अशी आशा आहे. मिळाला तर उत्तमच. पण पाटी बदलली म्हणजे माणगावला गाडी वेळेवर येईल, असा अर्थ कोणी काढू नये. गाडी उशिरा का आली याचा जाब एकाच ठिकाणी विचारता येणे, हा विलीनीकरणाचा पहिला लाभ असायला हवा, आणि तो मागून घ्यावा लागेल.

जाब विचारायचा तर उशीर मोजलेला असायला हवा. इथे मोठी फसगत आहे. भारतीय रेल्वे गाडीचा वक्तशीरपणा मोजते तो शेवटच्या स्थानकावर, आणि तिथेही १५ मिनिटांची सूट धरून. देशाच्या महालेखापरीक्षकांनी रेल्वेच्या वक्तशीरपणावर अहवाल दिला, तो २०२२ मध्ये संसदेपुढे आला. त्यात या पद्धतीकडे बोट दाखवले आहे आणि हजारो कोटी ओतूनही मेल-एक्सप्रेस गाड्यांचा सरासरी वेग सात-आठ वर्षांत ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच रेंगाळल्याचे म्हटले आहे. शेवटच्या स्थानकावर मोजण्याचा परिणाम काय होतो? वेळापत्रकात अखेरच्या टप्प्यात जादा मिनिटे राखून ठेवतात. वाटेत तास-दीड तास मागे पडलेली गाडी ती मिनिटे खाऊन मडगावला वेळेच्या जवळपास पोहोचते आणि कागदावर वेळेवर ठरते. माणगावला तिची दीड तास वाट पाहणारा माणूस त्या कागदावर कुठेच नसतो. रायगड हा प्रवासाच्या मधला जिल्हा आहे. इथे कोकणातल्या फार थोड्या गाड्या संपतात. म्हणून आपला उशीर जवळजवळ कोणत्याच आकड्यात धरला जात नाही.

आणि हा न धरलेला उशीर किनाऱ्यावर पोहोचता पोहोचता दुप्पट होतो. उरण सोडले तर रायगडच्या किनाऱ्यावरच्या एकाही मोठ्या गावाला प्रवासी गाडी नाही. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यापर्यंत पेणहून मालगाडीचे रूळ गेले आहेत. त्यावरून खत जाते, माणूस जात नाही. श्रीवर्धन, म्हसळा, दिघी, दिवेआगरच्या माणसाला माणगावला उतरायचे आणि एसटीने चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत जायचे. मुरूडच्या माणसाला रोह्याला उतरायचे, अलिबागच्या माणसाला पेणला. मुंबईकराच्या दृष्टीने गाडी दोन तास उशिरा आली म्हणजे दोन तास गेले. श्रीवर्धनच्या माणसाला त्याच दोन तासांत शेवटची एसटी चुकते. मग रात्री माणगावच्या स्टॅंडवर बसायचे, किंवा खासगी गाडीला स्पेशलचे पैसे मोजायचे, ते रेल्वेच्या तिकिटाच्या कितीतरी पट. टाटा रुग्णालयात तपासणी करून परतणारा पेशंट, भरतीची परीक्षा देऊन येणारी मुलगी, हंगाम संपवून गावी निघालेला खलाशी, या सगळ्यांच्या हिशोबात गाडीचा उशीर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत लांबतो. उलट दिशेने तळोजा, पनवेलच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. रेल्वेच्या वहीत ही मिनिटे नाहीत. घराच्या वहीत आहेत.

कोणी म्हणेल, मग रस्त्याने जा. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण पनवेल ते इंदापूर या टप्प्यात २०११ पासून सुरू आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीला चाकरमान्यांनी तो रस्ता भोगला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. रस्त्याची ही अवस्था असताना रेल्वेचा उशीर किरकोळ मानणे म्हणजे माणसाला दोन्ही बाजूंनी कोंडणे आहे. कोकणच्या माणसाने रेल्वे चैन म्हणून मागितली नव्हती. समुद्रातल्या बोटी बंद झाल्या आणि रस्ता पुरेसा झाला नाही, म्हणून ती मागितली.

गणपतीचा दाखला नेहमी रेल्वेच्या बाजूने दिला जातो: बघा, किती जादा गाड्या सोडल्या! २०२३ मध्ये गणपती विशेष गाड्यांच्या ३०५ फेऱ्या, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८० फेऱ्या जाहीर झाल्या. हा आकडा वाढतो याचा मला आनंद आहे. तिकीट मिळत नव्हते, त्यातल्या काहींना ते मिळाले. पण फेऱ्या वाढतात त्याच रुळावर. विशेष गाडीचा क्रम सगळ्यांच्या खाली, त्यामुळे ती प्रत्येक क्रॉसिंगला उभी राहते आणि तिच्यामुळे नेहमीची गाडीही मागे पडते. किती फेऱ्या सोडल्या हे जाहीर होते. त्यातल्या किती वेळेत पोहोचल्या, एकेका गाडीने किती तास बाजूच्या रुळावर काढले, हे कधी जाहीर झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जो आकडा सरकारला शोभतो तो छापायचा आणि जो प्रवाशाला हवा तो ठेवून द्यायचा, याला सेवेचा हिशोब म्हणत नाहीत.

३० सप्टेंबर २०२३ आठवा. विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते, मुंबईकडे परतणाऱ्यांची गर्दी ऐन भरात होती, आणि पनवेल-कळंबोली दरम्यान मालगाडीचे डबे घसरले. कोकणातून येणाऱ्या गाड्या जिथल्या तिथे अडकल्या, प्रवाशांनी रात्र डब्यात काढली. डबे घसरणे हा अपघात होता. त्यासाठी मी कोणाला दोष देत नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या तासांचा आहे. गाडी पाच तास उभी राहणार आहे हे नियंत्रण कक्षाला कळते, तेव्हा ते डब्यातल्या माणसाला का कळत नाही? डब्यातल्या टाकीतले पाणी संपते, संडासात पाणी राहत नाही, लहान मुलाला दूध हवे असते, म्हाताऱ्याची साखरेची गोळी खाण्याशिवाय घेता येत नाही. गाडी आता निघेल की रात्रभर उभी राहील हे माहीत नसल्यामुळे माणूस पाणी आणायलाही उतरू शकत नाही. उतरला आणि गाडी सुटली तर बायको-मुले आत आणि हा फलाटावर. मग काहीजण उलट्या बाजूने रुळात उतरतात, अंधारात रुळावरून चालत पुढचे स्थानक गाठतात. सुरक्षेच्या नावाखाली उशीर सोसायला सांगणाऱ्यांनी हेही पाहावे. माहिती न देता माणसाला तासन्‌तास अडकवून ठेवणे हेच असुरक्षित आहे.

आणि कारण सांगणे फार अवघड आहे का? पुढे गाडी क्रॉसिंगला आहे, चाळीस मिनिटे लागतील, हे वाक्य उच्चारायला नवा बोगदा खणावा लागत नाही. स्थानक मास्तरला ते ठाऊक असते, गार्डला ठाऊक असते. ध्वनिक्षेपक आहेत, मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोय आहे. तरी गाडी उभी आणि सगळे गप्प. प्रवाशाला कारण सांगणे हे कोणाचे बंधनकारक काम नाही, म्हणून ते होत नाही.

आता स्वस्त तिकिटाचा मुद्दा. तिकीट स्वस्त, म्हणून वेळेचा आग्रह धरू नका, असे म्हणणाऱ्यांनी कोकण रेल्वेच्या भाड्याची रीत पाहावी. या मार्गावर प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरून भाडे आकारण्याची पद्धत आहे. मार्ग बांधायला खर्च फार आला, म्हणून ती ठेवली गेली. म्हणजे कोकणचा प्रवासी देशातल्या इतर प्रवाशांपेक्षा त्याच अंतरासाठी अधिक मोजत आला आहे. त्याहून आधी त्याने जमीन दिली. या मार्गासाठी सुमारे ४३ हजार खातेदारांची जमीन घेतली गेली. ज्याने जमीन दिली आणि वर जास्त भाडे भरले, त्याला उपकाराची भाषा ऐकवू नये.

आणि तिकीट स्वस्त असते तरी काय? वेळापत्रक छापणे म्हणजे शब्द देणे. हे माझेच म्हणणे नाही. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला. २०१६ मध्ये जम्मूला जाणारी त्याची गाडी चार तासांहून अधिक उशिरा पोहोचली, श्रीनगरचे विमान चुकले, टॅक्सीचा खर्च झाला. न्यायालयाने ३० हजार रुपयांची भरपाई कायम ठेवली आणि तत्त्व सांगितले ते असे: उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने दाखवून द्यायला हवे, ते दाखवता आले नाही तर भरपाई द्यावी लागेल. पुराव्याची जबाबदारी रेल्वेवर. हे तत्त्व आपल्या चर्चेत आणले तर सगळी चर्चाच फिरते. पाऊस होता, मार्ग एकेरी आहे, असे मोघम बोलून भागणार नाही. त्या दिवशी त्या गाडीला काय अडले, ते सांगावे लागेल.

आज नियमाने मिळते ते इतकेच: गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही तर पैसे परत. ज्याला आज पोहोचलेच पाहिजे, जो सहा तास ताटकळून का होईना पोहोचतो, त्याला काही नाही. म्हणजे ज्याचा त्रास सर्वांत मोठा, त्याचाच हक्क शून्य. युरोपात प्रवासी एक तास उशिरा पोहोचला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास उशिरा पोहोचला तर निम्मे भाडे परत मागू शकतो. जपानमध्ये रेल्वे कंपनी कामावर दाखवायला उशिराचा दाखला देते, म्हणजे उशीर आमचा, तुमचा नाही, हे लेखी मान्य करते. परदेशाचे दाखले नको असतील तर आपलेच घ्या. आयआरसीटीसीने २०१९ मध्ये लखनौ-दिल्ली आणि २०२० मध्ये अहमदाबाद-मुंबई तेजस सुरू केली, तेव्हा तासाहून जास्त उशिराला १०० आणि दोन तासांहून जास्त उशिराला २५० रुपये देऊ केले होते. ती योजना पुढे बंद झाली. पण प्रवाशाच्या वेळेला किंमत असते हे तत्त्व रेल्वेच्याच घरात मान्य झाले होते. ते महागड्या डब्यातल्या माणसापुरते का असावे?

राहिला सोशिकपणा. हे कौतुक मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात आपल्याच स्वभावाचा आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोग केला जातो. या जिल्ह्याचा इतिहास सोसत बसण्याचा नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात माणसे गोळ्यांना सामोरी गेली. चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला, जमीन पडीक ठेवली, उपास काढले, आणि खोतीचा प्रश्न सरकारपुढे उभा केला. १९८४ मध्ये उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले, हुतात्मे झाले, आणि त्यांनी मोबदल्याचे धोरणच बदलायला लावले. या लोकांनी कष्ट सोसले ते काही मिळवण्यासाठी. विनाकारण उभ्या गाडीत गप्प बसण्याला त्यांचे नाव देऊ नये.

कोणी विचारेल, नेमके हवे काय? केरळला जाणाऱ्या गाड्या बंद करायच्या? मालगाड्या थांबवायच्या? नाही. कोची-मंगळुरूचा प्रवासी आपला वैरी नाही, आणि ज्या मालवाहतुकीवर महामंडळाचा संसार चालतो तीही नाही. ट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची रो-रो सेवा १९९९ पासून आपल्या कोलाडहूनच चालते आणि ती या मार्गाची शान आहे. वाहतूक क्षमतेपर्यंत भरली असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि वाटप उघडपणे करावे, एवढीच मागणी आहे.

त्यातून पुढच्या गोष्टी निघतात, आणि बहुतेकींना नवा रूळही लागत नाही. पेण, रोहा, माणगाव, वीर इथला उशीर स्थानकवार मोजावा आणि दर महिन्याला कारणांसह जाहीर करावा. गाडी पंधरा मिनिटांहून जास्त उभी राहिली तर कारण आणि अंदाजे वेळ डब्यात सांगणे बंधनकारक करावे. सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी मुंबईहून, रायगडच्या सगळ्या स्थानकांवर थांबणारी एकेक गाडी अशी ठेवावी की जिला कोणासाठीही बाजूला टाकायचे नाही. करोनाच्या काळात बंद झालेली दादर-रत्नागिरी पॅसेंजर पुढे दिव्यापर्यंतच सुरू झाली. ती दादरपर्यंत परत न्यावी, म्हणजे बोजे आणि मुले घेऊन दिव्याच्या गर्दीत उतरायची वेळ येणार नाही. माणगाव आणि रोहा इथल्या शेवटच्या एसटीला गाडीची वाट पाहण्याचा आदेश द्यावा. दोन्ही सेवा सरकारच्याच आहेत, एका फोनचे काम आहे. क्रॉसिंगसाठी बांधलेल्या प्रत्येक स्थानकात पाणी, शौचालय आणि उजेड असावा, कारण प्रवासी तिथे उतरत नसला तरी तासन्‌तास तिथेच अडकतो. तीन तासांच्या वर उशिरा पोहोचलेल्या प्रत्येक प्रवाशाला, साध्या डब्यातल्यालाही, भाड्याचा हिस्सा परत मिळावा. आणि वीरच्या पुढचे दुपदरीकरण कधी, कुठपर्यंत, याच्या तारखा ठरवून त्या पाळाव्यात.

यातले दुपदरीकरण सोडले तर बाकी सगळे पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकते. ते होत नसेल तर कारण डोंगरात शोधू नये. रेल्वेने वेळापत्रक छापून शब्द दिला आहे, सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाला वजन दिले आहे आणि रायगडच्या माणसाने जमीन आणि जादा भाडे देऊन त्याची किंमत आधीच चुकती केली आहे. आता उशिरा आलेल्या प्रत्येक गाडीमागे लेखी कारण मागायचे. स्थानक मास्तरच्या तक्रारवहीत, ग्राहक आयोगात, ग्रामसभेच्या ठरावात, आमदार-खासदारांच्या सभेत मागायचे, आणि मोघम उत्तर आले की तेच पुन्हा मागायचे. कारण सांगावे लागणार हे एकदा पक्के कळले, की उशीर करणाऱ्याला तो करण्याआधी विचार करावा लागतो.